मर्सीबायच्या काउंटरपुढची रांग

आमच्या सोनभाटच्या बँकेतून स्वतःचेच पैसे काढायचे असले, तरी आधी मर्सीबायला कारण सांगावं लागतं. बँकेचा असा काही नियम नाही. नियम मर्सीबायचा आहे, आणि तो मोडून पैसे काढलेला माणूस अजून माझ्या बघण्यात नाही.

मी नरहरी. बँकेच्या बरोबर समोर माझं झेरॉक्सचं दुकान. मधे रस्ता, तोही असा की समोरासमोर दोन रिक्षा आल्या की एकीला मागे सरकावं लागतं. त्यामुळे बँकेत मर्सीबाय काय बोलते ते मला दुकानात बसून ऐकू येतं. तिचा आवाज चर्चच्या गायनमंडळात तयार झालेला, आणि काचेपलीकडून बोलून बोलून तो आणखी चढलेला.

"कशाला हवेत?" स्लिप हातात घेतली की तिचा पहिला प्रश्न.

"लगीन हाय."

"कोणाचं?"

"भाचीचं."

मग ती खालच्या खणातून कोऱ्या करकरीत नोटा काढणार. आहेराच्या पाकिटात मळकी नोट गेली तर घराण्याचं नाव जातं, असं तिचं ठाम मत आहे. बाजारात भाजी घेऊन बसणारी बाई असली तर दहा-वीसच्या नोटा, आणि पाच-दहाची नाणी वेगळ्या पुडीत. दवाखाना म्हटलं की पाचशेच्या, आणि वर चौकशी: कोण आजारी, कधीपासून, मला कोणी कळवलं कसं नाही. मागची रांग खोळंबते, पण मागच्यांनाही ते ऐकायचंच असतं. एखादा गडी भर दुपारी तोंडाला वास घेऊन पैसे काढायला आला तर ती स्लिप परत सरकवते आणि शांतपणे सांगते, "सही जुळत नाय. बायकोला घेऊन ये." सही अगदी बरोब्बर जुळत असते.

हे सगळं वाचून कोणाला वाटेल की मर्सी मच्याडो म्हणजे फोनला घाबरणारी जुन्या वळणाची बाई. तसं मुळीच नाही. तिचा नवरा एरॉल पुष्कळ वर्षं जहाजावर होता. तो तिकडे समुद्रात आणि ही इकडे काउंटरवर, तेव्हापासून फोन तिच्या हातात मुरलेला आहे. आता एरॉल घरी असतो, कोंबड्या पाळतो, हिचा डबा भरतो. तो डबा उघडला की माझ्या दुकानापर्यंत वास येतो आणि माझी चपाती-भाजी मला गोड लागेनाशी होते. तर सांगायचं ते असं की माझ्याकडे झेरॉक्स काढायला आली की मर्सीबाय फोननेच पैसे देते. पैसे आले की माझ्या दुकानातला बोलका डबा रकमेची दवंडी पिटतो. ती म्हणते, "नरूभाऊ, पाच रुपयांचं एवढं कौतुक? माझ्या काउंटरवर लाख आले तरी मी ओरडत नाय." चांगली नोट तुमच्यावर कशाला खर्च करू, असंही एकदा म्हणाली होती. फोनचं काम फोनला, नोटेचं काम नोटेला, हा तिचा हिशेब.

मी पक्का फोनवाला. सुट्ट्या पैशांची कटकट गेली याचा मला जो आनंद झाला, तो माझ्या लग्नातही झाला नव्हता. हे मी सुशीलेसमोर, म्हणजे माझ्या बायकोसमोर, एकदाच बोललो. त्यामुळे त्या दिवशी बँकेच्या दारावर नोटीस लागली तेव्हा मला विशेष काही वाटलं नाही. वाचली आणि मग मात्र वाटलं.

आमची ही बागायतदार सहकारी बँक. केळीवाले, फुलवाले, पानवाले यांनी मिळून काढलेली, चार-पाच शाखांची छोटी बँक. आचोळ्याची शाखा गेल्या वर्षी नवी केली. तिथे काउंटर नाही, माणूस नाही, नुसतं पैसे काढायचं यंत्र, आणि थंडगार हवा. आता पाळी सोनभाटची होती. महिनाअखेर रोखीचा काउंटर बंद, मर्सीबायची बदली आचोळ्याला. तिथे तिने यंत्राशेजारी उभं राहून लोकांना ते कसं वापरायचं ते शिकवायचं.

नोटीस लावायला आला होता ॲलिस्टर. मुख्य कार्यालयात अधिकारी. आता गंमत अशी की हा ॲलिस्टर मर्सीबायच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, आणि वर मर्सीबाय त्याची गॉडमदर. बाप्तिस्म्याच्या वेळी ज्या बाईच्या हातात आपण रडलो, तिच्या काउंटरला टाळं लावायचं काम करताना माणसाचा चेहरा जसा होईल तसा त्याचा झाला होता.

"मावशी, मी काय करू?" तो म्हणाला. "दिवसाला किती लोक येतात बघ ना. आकडे बोलतात."

"आकडे बोलतात? मग माझ्याशी कसे कधी बोलले नाय? मी तर जन्मभर त्यांच्यातच बसले." मर्सीबायने चष्मा काढून पुसला. "तू जेवलास का?"

त्याला डबा देऊन वाटेला लावल्यावर ती माझ्या दुकानात आली आणि स्टुलावर बसली. कामाच्या वेळात ती काउंटर सोडून आली, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. ती म्हणाली, "नरूभाऊ, मी आचोळ्याला जाईन. रिक्षाने जाईन, काय मोठं नाय. पण कॅथरिन आजीला त्या यंत्राची अक्षरं दिसतात का? बाजारातल्या बायकांना सुटे कोन देनार?" आणि मग खालच्या आवाजात, "मला आवडतं हो इथे बसायला." एवढंच. पण तिचा आवाज खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता.

ॲलिस्टरने जाताना एक गोष्ट सांगितली होती. बँकेचे अध्यक्ष रोनाल्डसर सोमवारी स्वतः शाखा बघायला येणार होते. गर्दी दिसली तर कदाचित फेरविचार होईल, असं तो पुटपुटला होता. ही गोष्ट मी फेलिशियाला सांगितली. फेलिशिया म्हणजे आमच्या गावच्या महिला मंडळाची प्रमुख. तिला एखादी गोष्ट सांगणं म्हणजे चर्चची घंटा वाजवण्यासारखंच.

रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे सकाळची उपासना, सुटल्यावर आवारात सभा झाली. आम्ही देवळाकडच्या आळीतले लोकही गेलो. फेलिशिया पायरीवर उभी राहिली. "उद्या सकाळी गावातल्या प्रत्येकाने काउंटरवर काहीतरी काम काढायचं. रोनाल्डसरांना रांग दिसली पाहिजे. मोठ्या पिशव्या आणा, म्हणजे मोठे व्यवहार वाटतील. आणि दात काढायचे नायत. थट्टा वाटता कामा नये." मर्सीबायला यातलं काही कळू द्यायचं नाही, असंही ठरलं. इतक्या माणसांना माहीत असलेली गोष्ट मर्सीबायला कळली नाही, हा आमच्या गावातला चमत्कारच म्हणायचा.

आता काम काढा म्हटल्यावर लोकांनी काय काढावं? पैसे. भरायला हातात रोकड लागते, काढायला नुसती स्लिप पुरते. सगळ्यांनी सोपी वाट धरली. त्यात आमच्या लोकांची एक खोड आहे. काम महत्त्वाचं असलं की आम्ही मिस्सेचे, नाहीतर लग्नाचे कपडे चढवतो. तेव्हा सोमवारी सकाळी बँकेच्या दारापासून थेट बावखलाच्या काठापर्यंत, म्हणजे गावच्या तळ्यापर्यंत, रांग लागली. इस्त्रीचे कपडे, गंभीर चेहरे, काखेत रिकाम्या पिशव्या, आणि जो तो पैसे काढायला आलेला. आम्हाला आमची रांग फार देखणी वाटली. परक्या माणसाला ती कशी दिसेल, हा विचार एकाच्याही डोक्यात आला नाही, माझ्यासकट.

मर्सीबाय आत रांगेकडे बघून चक्रावली.

"कशाला हवेत?"

"असेच," कॅथरिन आजी म्हणाली.

"असेच म्हणजे?"

"तू दे गं. संध्याकाळी परत आणते."

तिसऱ्या-चौथ्या माणसापर्यंत मर्सीबायने डाव ओळखला. काचेआड मान खाली घालून नोटा मोजत राहिली, पण तिचे डोळे भरून आलेले मला रस्त्यापलीकडून दिसले. आपल्यासाठी अख्खं गाव नटूनथटून उन्हात उभं राहिलंय, हे ज्याला दिसलं त्याने आणखी काय मागावं?

तेवढ्यात तुळिंजहून एक रिक्षा सवारी घेऊन आली. रिक्षावाल्याने रांग पाहिली, पिशव्या पाहिल्या, चेहरे पाहिले, आणि फोन काढून फोटो घेतला. मला वाटलं, हौशी माणूस आहे. तो फोटो त्याने त्याच्या ग्रुपवर टाकला. खाली एकच ओळ लिहिली: बँकेबाहेर लोक पैसे काढायला उभे.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात. आमच्या मारुतीने तर लंका पेटवली. सहकारी बँक म्हटली की लोक आधीच कान टवकारून असतात. फोटो पाहिल्यावर आचोळ्याचे लोक तिथल्या यंत्राकडे धावले. यंत्रात होते तेवढे पैसे संपले. मग सगळ्यांनी एकदम फोनवरून पैसे हलवायला सुरुवात केली, आणि बँकेचं ॲप गोल गोल फिरत बसलं. यंत्र रिकामं, ॲप बंद, आता उघडच झालं की बँक बुडाली. आसपास हातात रोख देणारं ठिकाण एकच उरलं होतं. दुपार व्हायच्या आत आचोळे, तुळिंज, पार फुलपाड्याहून रिक्षा भरभरून लोक सोनभाटला येऊ लागले. रांगेला शेपूट फुटलं, शेपटाला फाटे फुटले. ज्या काउंटरवर कोणी येत नाही म्हणून तो बंद होणार होता, तिथे उभं राहायला जागा उरली नाही.

पुढे आलेला पहिला पाहुणा होता स्वरूप. फुलपाड्याला मोबाइलच्या कव्हरचं दुकान चालवणारा, तिशीतला, घामाने डबडबलेला.

"कशाला हवेत?" मर्सीबायने सवयीने विचारलं.

"मॅडम, माझे पैसे आहेत. रीझन कशाला पाहिजे? सगळे बोलतायत बँक डूब गयी."

"कोण बोलतं?"

"ग्रुपवर आलंय."

"कुठला ग्रुप?"

"फुलपाडा हेल्पिंग हँड्स."

"चांगली मदत करतात," मर्सीबाय म्हणाली. "किती काढायचे?"

"सगळे. रूम घेतोय मी, त्याचे आहेत. पाच वर्षं जमवलेत, मॅडम. ते गेले तर मी संपलो."

तिने त्याच्याकडे नीट बघितलं. पुरते पैसे मोजून दिले, आणि पिशवीला दोरी बांधून दिली. तो बाहेर आला, आणि मला वाटलं आता पळेल. पण तो माझ्या दुकानाच्या वळचणीला पिशवी पोटाशी धरून उभा राहिला. एवढी रोकड घेऊन त्या गर्दीतून जायची त्याला हिंमत होईना.

पुढचं जे झालं ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मला खरं वाटलं नसतं. सकाळी मर्सीबायसाठी नाटक करणारे आमचे लोक या घाबरलेल्या चेहऱ्यांकडे बघून स्वतःच घाबरले. आचोळ्याची माणसं शहाणी असतात, त्यांना काहीतरी आतलं कळलं असेल. ज्या रांगेचं नाटक आम्ही रचलं, तिलाच आम्ही भुललो. सकाळी हजारभर रुपये काढून गेलेले लोक आता उरलेले काढायला परत आले. सर्वांत पुढे फेलिशिया. आणि तिच्यामागे, चुलीवरची आमटी तशीच टाकून, माझी सुशीला.

"तू इथे कशी?" मी विचारलं.

"मी काय घाबरले नाय," ती म्हणाली. "पण सगळे काढतायत, तर आपलेच कशाला ठेवायचे?"

खरं सांगायचं तर माझेही पाय चुळबुळायला लागले होते.

आत ॲलिस्टर पोहोचला होता. तोंडचं पाणी पळालेलं. तो मर्सीबायच्या कानाशी लागला, पण मर्सीबायच्या कानाशी लागलेलं सगळ्या रस्त्याला कळतं, कारण ती उत्तर मोठ्याने देते. "रोकडीची व्हॅन कधी येनार? दोन तास? आणि माझ्याकडे अर्ध्या तासाचे पैसे हायत." हे ऐकून रांग एकदम पुढे रेटली. काचेवर हात आपटू लागले. 

तिने खण बंद केला, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. केबिनचं दार उघडून ती बाहेर आली. पायरीवर उभी राहून तिने रांग बघितली, आणि तिला बावखलाच्या बाजूने पायी येणारे रोनाल्डसर दिसले. त्यांची गाडी गर्दीत अडकली होती. पांढरे केस, हातात रुमाल, ते लोकांतून वाट काढत होते. मर्सीबायने त्यांना ओळखलं, हे मी पाहिलं. आता ती जे बोलेल ते त्यांच्यासमोर बोलणार होती, हेही तिला माहीत होतं.

"ऐका," ती म्हणाली. गायनमंडळाचा आवाज तो. काचेवरचे हात खाली आले. "बँकेला काय झालेलं नाही. ही रांग खोटी आहे. माझा काउंटर बंद होणार आहे, तो होऊ नये म्हणून माझ्या गावाने सकाळी गर्दीचं नाटक केलं. अध्यक्षांना फसवायला. तुम्ही फोटोत बघितली ती माणसं पैशासाठी उभी नव्हती. माझ्यासाठी उभी होती."

संपलं, मी मनात म्हटलं. काउंटर वाचवायचा एकच डाव होता, तो हिने स्वतःच उधळला. रोनाल्डसर जागच्या जागी थांबले होते. ॲलिस्टरने डोळे मिटून घेतले.

"हे पण नाटकच कशावरून नाही?" मागून कोणीतरी ओरडलं. "मग हे गाववाले आता परत कशाला उभे आहेत?"

प्रश्न अगदी रास्त होता. मर्सीबाय पायरी उतरली आणि सरळ फेलिशियापुढे जाऊन उभी राहिली. शाळेपासूनच्या मैत्रिणी दोघी.

"फेलिशिया, सकाळी तू माझ्यासाठी उभी होतीस. आता कोणासाठी उभी हायस?"

फेलिशियाने हातातली स्लिप मागे लपवली. मग म्हणाली, "भीती वाटली गं मला. एवढी माणसं बघून वाटलं, तुलाच सांगितलं नसेल कोनी."

"मला सांगितलं नसेल, असं होईल. पण खणात काय हाय ते मला कोन सांगायला लागत नाय. माझी स्वतःची पुंजी याच बँकेत हाय. एरॉलचीपन. मी एक रुपया काढलेला नाय."

फेलिशियाने हातातली पैसे काढायची स्लिप टराटरा फाडली, पिशवीतून सकाळचे पैसे काढले आणि पायरी चढली. "चल, उघड. भरायचे हायत."

तिच्यामागून सुशीला गेली. जाताना माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच तिला रांगेत उभं केलं होतं. आणि मग गावाची लाज एकदम जागी झाली. सकाळी ज्यांनी पिशव्या नाचवत पैसे नेले होते ते सगळे घराकडे पळाले आणि धापा टाकत परत आले. आता दोन रांगा झाल्या. एक काढणाऱ्यांची, एक भरणाऱ्यांची, आणि मधे काचेआड मर्सीबाय. गावाने भरलेली नोट ती तपासायची, शिक्का मारायची, आणि तीच नोट आचोळ्याच्या माणसाला काढून द्यायची. कोणाला नाही म्हणाली नाही.

पण खरी गंमत पुढे. गावाने सकाळचे पैसे तर आणलेच, पण एकाने आणले म्हणून दुसऱ्याने घरातलेही आणले. भाताच्या कणग्यांतून, बिस्किटांच्या डब्यांतून, देव्हाऱ्याखालून आणि आल्तारामागून रोकड बाहेर आली. नवऱ्यांना बायकांची कळली, सुनांना सासवांची कळली. कॅथरिन आजीने तर पावाच्या पिठाचा डबाच आणून काउंटरवर ठेवला. नोटांना पीठ लागलेलं, ॲलिस्टर शिंकायला लागला. तिचा नवरा ॲन्सेल्म शेजारी उभा होता. त्याचा आ वासलेला.

"एवढे कशाला साठवलेस?" त्याने विचारलं.

"तुझ्या मातीला चांगला बँड लावायला," आजी म्हणाली.

आपल्या अंत्ययात्रेपुढे बँड वाजणार, हे ॲन्सेल्मला आत्ता कळलं. मग त्याची छाती फुगली. "बघा, बायको असावी तर अशी," तो रांगेतल्या परक्या माणसांना सांगत सुटला. सगळी रांग हसली. आजीने त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा एकटीच्या नावाचं खातं उघडलं.

माणूस हसला की त्याची भीती निम्मी होते. बाहेरचे लोक बघत होते की ज्या बँकेतून आपण पैसे काढायला धावलो, तिच्यातच या म्हाताऱ्या बायका पिठाच्या डब्यातले पैसे भरतायत. बुडत्या होडीत कोणी आपणहून पाय ठेवत नाही, एवढं त्यांनाही कळत होतं. काढणाऱ्यांची रांग हळूहळू पातळ झाली. काहींनी स्लिपा खिशात घातल्या. फेलिशियाच्या मंडळाने चहा केला. कोणीतरी घरची सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, आणली आणि लोकांच्या हातावर ठेवत गेलं. आचोळ्याच्या बायका आमच्या बायकांना सुकेळीचा भाव विचारू लागल्या. अर्ध्या तासापूर्वी जी माणसं काचा फोडायला निघाली होती, ती बावखलाच्या काठावर पाय सोडून बसली होती. आमच्या चर्चचा वार्षिक सण, फीस्टचा दिवसही इतका रंगत नाही. कोणाला तरी गाणं म्हणायची हुक्की आली आणि ते त्याने पुरं म्हटलं.

व्हॅन आली तोवर तिची गरज उरली नव्हती.

रोनाल्डसर या सगळ्या वेळात आत एका खुर्चीवर बसून होते. चहा घेतला, सुकेळी खाल्ली. संध्याकाळी बँकेची वेळ संपली, ॲलिस्टरने शटर अर्धं खाली ओढलं, मी आतल्या बाजूला दाराशी उभा राहिलो, आणि मग ते मर्सीबायला म्हणाले, "तुम्ही लोकांसमोर सगळं सांगून टाकलंत. मी उभा होतो ते दिसलं होतं ना?"

"दिसलं होतं, साहेब."

"मग?"

मर्सीबाय नोटांच्या गड्ड्यांना रबर लावत होती. "काउंटर गेला तर मी आचोळ्याला जाईन. बँक गेली तर ही माणसं कुठे जातील?" तिने एक गड्डी बाजूला ठेवली. "वाईट मला वाटतंच आहे. इथून उठायचं म्हटलं की फार वाईट वाटतं. पण खोट्यावर बसून राहिले असते तर बसवलं नसतं मला."

रोनाल्डसर पुढे काही बोलणार, तेवढ्यात अर्ध्या शटरखालून एक डोकं आत आलं. स्वरूप. दिवसभर माझ्या वळचणीला पिशवी पोटाशी धरून तो पोरगा उभा होता. मी त्याला पाणी दिलं, आपल्या डब्यातलं दिलं, पण पिशवी काही त्याने खाली ठेवली नाही.

"मॅडम, बंद झालं का?" तो वाकूनच म्हणाला. "हे घेऊन रात्री घरी कसा जाऊ मी? रूमवर आम्ही पाच जण राहतो. मला झोप नाही यायची. प्लीज, ठेवून घ्या ना."

मर्सीबायने ॲलिस्टरकडे पाहिलं. ॲलिस्टरने रोनाल्डसरांकडे पाहिलं. वेळ संपली होती, दिवसाचा हिशेब बंद व्हायचा होता, आणि ज्यांच्या सहीने हा काउंटर बंद होणार होता तेच समोर बसले होते. रोनाल्डसरांनी नुसती मान हलवली. मर्सीबायने पैसे घेतले, दोनदा मोजले, पासबुकात नोंद करून दिली. स्वरूपने पासबुक बघितलं आणि एवढा मोठा श्वास सोडला की मला दारातही ऐकू गेला. हात मोकळे झाल्यावर त्याचं काय करावं ते त्याला कळेना. पुन्हा शटरखालून वाकून बाहेर पडताना तो मागे वळला.

"मॅडम, उद्या पण हा काउंटर उघडा असेल ना? माझी आई येतेय गावाहून. तिचे पण आणायचे आहेत."

मर्सीबाय खाली बघून रबरं गोळा करत राहिली.

"असेल," रोनाल्डसर म्हणाले. "रोज असेल."

मर्सीबायने वर पाहिलं. इतका वेळ आवरलेलं रडू तिला फुटलं, आणि ती रडता रडता हसायला लागली. मी दारात उभा होतो, माझीही तीच गत झाली.

"पण सर, बोर्डाचा ठराव..." ॲलिस्टर म्हणाला.

"ठरावाचं मी बघतो. तू आधी ते शटर नीट वर घे. लोकांना वाकून यावं लागतंय."